लँगॉलनला दोन दिवस: जिथे नदी आणि कालवा एका पातळीवर आहेत, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून आईबाबा जूनमध्ये बर्मिंगहॅमला येताहेत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी. दोघांना वेल्समधल्या लँगॉलनला दोन दिवस न्यायचं मनात आहे, पण मित्र म्हणतात की ते गाव दोन तासांत बघून होतं. मग दोन दिवस तिथे करायचं काय?

गेली सतरा वर्षं मी उत्तर वेल्समध्ये पाहुण्यांना फिरवतो आणि त्यांतले निम्म्याहून जास्त मुलांकडे आलेले आईवडील असतात. तुमच्या मित्रांचं म्हणणं चुकीचं नाही. गाडी लावली, डी नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर फोटो काढला, आइस्क्रीम खाल्लं, तर दोन तास पुष्कळ झाले. पण पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला दाखवण्यासारखं यापेक्षा चांगलं गाव मला या देशात दुसरं सुचत नाही. इथलं जे जे बघण्यासारखं आहे त्यातलं निम्मं एकाच कालव्यावर आहे आणि तो कालवा गावाच्या डोक्यावरून वाहतो. नदी खाली, कालवा वर. हे असं का, ते बाबांना पहिल्या दिवशी सकाळीच बघू द्या, पुढचे दोन दिवस आपोआप जुळत जातील.

म्हणून पहिल्या दिवशी गावात थांबूच नका. सरळ पुढे लँटिसिलिओला जा. गावापासून तीनेक किलोमीटर. तिथे गाडीतळ आहे आणि तिथून थोडं चाललं की हॉर्सशू फॉल्स. नाव धबधब्याचं असलं तरी तो धबधबा नाही, बंधारा आहे. थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने १८०८ मध्ये नदीवर घातलेला, घोड्याच्या नालासारखा वळलेला, सुमारे १४० मीटर लांबीचा. त्याची उंची नजरेत भरत नाही, म्हणून बरेच जण "एवढंच?" म्हणून परत फिरतात. तुम्ही बाबांना डाव्या काठावर नेऊन दाखवा: बंधाऱ्याने पाणी अडवलंय आणि बाजूने ते गुपचूप कालव्यात शिरतंय. शेजारी एक छोटी इमारत आहे, तिच्यात आत जाणारं पाणी मोजलं जातं. माझ्याबरोबर आलेले एक निवृत्त शाखा अभियंता तिथे अर्धा तास उभे होते. आपल्याकडच्या डाव्या कालव्याच्या मुखाशी जे असतं ते सगळं इथे आहे, फक्त दोनशे वर्षांपूर्वीचं आणि अजून रोज चालू असलेलं.

आता यातली मजा अशी की टेलफर्ड आणि त्याचा जोडीदार अभियंता विल्यम जेसप यांना इथे कालवा आणायचाच नव्हता. मूळ बेत मर्सी, डी आणि सेव्हर्न या तीन नद्या जोडणाऱ्या जलमार्गाचा होता. मुख्य ओळ ट्रेव्हर गावापासून उत्तरेला चेस्टरकडे जायची होती आणि पाणी त्याच बाजूने मिळायचं होतं. ती ओळ पैशांअभावी कधी झालीच नाही. मग बांधून ठेवलेल्या भागाला पाणी कुठून द्यायचं? म्हणून ट्रेव्हरपासून उलट, नदीच्या वरच्या अंगाला, लँटिसिलिओपर्यंत हा अरुंद पोटकालवा खणला. लँगॉलनला कालवा आला तो असा, केवळ पाणी आणायला. पुढे १९४४ मध्ये कायद्यानेच यावरची नौकानयनाची वाट बंद झाली. देशभरातले असे कितीतरी कालवे तेव्हा गाळाने भरले, बुजले. हा वाचला, कारण याच पाटाने चेशरमधल्या हर्ल्स्टन जलाशयाला पिण्याचं पाणी जातं. आजही जातं. बाबांना हे सांगा, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

बंधाऱ्यापासून गावातल्या धक्क्यापर्यंत कालव्याच्या कडेने साधारण तीन किलोमीटर सपाट वाट आहे. पूर्वी घोडे नावा ओढत त्या वाटेने जायचे. चढ नावालाही नाही. आईला गुडघ्यांमुळे एवढंही जमणार नसेल तर पहिला किलोमीटरभर चालून चेन ब्रिजपाशी बसवा. नदी तिथे खडकांतून घुसळत जाते, वर लोखंडी साखळ्यांचा झुलता पादचारी पूल आहे. पहिला पूल १८१७ चा, नंतर दोनदा नव्याने बांधलेला आणि दुरुस्त होऊन २०१५ मध्ये पुन्हा खुला झालेला. चहा मिळतो. तुम्ही दोघं चालत गावापर्यंत जा, मग तुम्ही मागे येऊन गाडी घ्या आणि आईला आणा.

चालताना बाबांना एकच गोष्ट करायला सांगा. सुरुवातीला नदी आणि कालवा शेजारी शेजारी, एकाच पातळीवर. मग दर काही मिनिटांनी नदीकडे बघायचं. कालव्याला उतार जवळजवळ नाही. इथपासून चर्क गावाच्या पुढेपर्यंत एकही पाणकुलूप (दोन दारांमध्ये पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करायची सोय) नाही, पाणी एका पातळीवर चाललंय. नदी मात्र आपल्या चालीने खाली उतरत जाते. गावात पोचेपर्यंत ती घरांच्या छपरांखाली गेलेली असते. हा फरक लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी लागणार आहे.

गावातला धक्का पुलापासून अगदी जवळ आहे, पण तो मधला रस्ता अंगावर येणारा चढ आहे. आईला खालून वर चढवू नका, वर धक्क्याजवळ सोडा. तिथून घोड्याने ओढलेली नाव सुटते. पाऊण तासाची फेरी, एकोणिसाव्या शतकापासून पाहुण्यांसाठी चालू आहे. घोडा पुढे वाटेवर, मागे दोर, आणि नाव पाण्यावर इतकी गुपचूप सरकते की माणसं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी पूर्ण दिवसातली ही सर्वात चांगली पाऊण तासाची बैठक. जूनमधल्या शनिवार-रविवारी जागा आधी राखून ठेवावी लागते. यंत्रावर चालणारी दोन तासांची मोठी फेरीही आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

दुपारी आईला प्लास न्यूइथ या जुन्या घरी बसवा आणि तुम्ही दोघं दिनास ब्रानचा गड चढा. आधी एक सावधगिरी: प्लास न्यूइथ नावाचं दुसरं, मोठं घर अँगलसी बेटावर आहे, तिथून दीड तासाहून जास्त अंतरावर. गाडीच्या नकाशात नुसतं नाव घातलं की तो तिकडे नेतो. लँगॉलन लिहायला विसरू नका. लँगॉलनच्या घरात एलिनर बटलर आणि सारा पॉन्सनबी या दोन आयरिश स्त्रिया १७८० पासून जवळजवळ पन्नास वर्षं एकत्र राहिल्या. घरच्यांनी ठरवलेलं आयुष्य नको म्हणून दोघी आयर्लंड सोडून आल्या होत्या. साधं दगडी घर त्यांनी कोरीव ओक लाकडाने आतबाहेर मढवलं. येणारे पाहुणे भेट म्हणून जुन्या चर्चमधलं, जुन्या पलंगांचं कोरीव लाकूड आणायचे. वर्ड्सवर्थ, वॉल्टर स्कॉट, ड्यूक ऑफ वेलिंग्टन असे लोक त्यांना भेटायला यायचे. त्यांच्याबरोबर आयर्लंडहून आलेली मेरी कॅरिल ही त्यांची नोकर आणि त्या दोघी, अशा तिघींची समाधी गावातल्या सेंट कॉलेन चर्चच्या आवारात एकत्र आहे. घराच्या बागेत बाकं आहेत, चहाघर आहे, समोर डोंगर दिसतो. मी बऱ्याच आयांना इथे दोन-दोन तास बसवलंय, एकीचीही तक्रार आली नाही.

दिनास ब्रान म्हणजे समोरच्या टेकडीवरचा पडका गड. टेकडी साधारण ३२० मीटर उंचीची, गावापासून चढाई सव्वादोनशे मीटरच्या आसपास. आतकरवाडीतून सिंहगड चढलेल्या माणसाला हा निम्माही नाही. पण शेवटचा टप्पा उभा आहे आणि वर वारा असा की टोपी हातातच धरावी. बाबांचा दम बघून जा, पाऊण तास ते एक तास धरा. ब्रान म्हणजे कावळा. १२६० च्या दशकात उत्तर पॉवीसच्या वेल्श राजघराण्याने हा बांधला आणि १२७७ मध्ये इंग्रज राजाचं सैन्य वेढा घालायला आलं तेव्हा गडकऱ्यांनी स्वतःच आग लावून तो सोडला होता. पंधरा-वीस वर्षांचंच आयुष्य. शत्रूच्या हाती धड गड लागू द्यायचा नाही, ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जिंकणाऱ्यांनी तो पुन्हा उभारलाही नाही, खाली होल्टला नवा किल्ला बांधला. वर भिंतींचे दात तेवढे उरलेत. पण उत्तरेला एग्लुसेगचे चुनखडीचे कडे एकावर एक थर दाखवत उभे असतात आणि खाली डी नदीचं सगळं खोरं उलगडतं. सकाळी चाललेला कालवा वरून रेघेसारखा दिसतो. वर पाणी, निवारा, दुकान काही नाही. संध्याकाळची चिंता करू नका, जूनमध्ये साडेनऊनंतर सूर्य मावळतो.

दुसरा दिवस पॉन्टकसल्टेच्या जलसेतूचा, म्हणजे कालवा नदीवरून नेणाऱ्या पुलाचा. नाव उच्चारायला घाबरू नका, वेल्श दोन एल म्हणजे ल साठी जीभ लावायची आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. आईबाबांना हे करून दाखवा, जमतं त्यांना. लँगॉलन या नावातही तोच आवाज दोनदा येतो.

काल बघितलेला फरक आठवा. बंधाऱ्यापाशी नदी आणि कालवा एका पातळीवर होते. तिथून साधारण नऊ-दहा किलोमीटरवर कालव्याला नदी ओलांडायची आहे आणि आता नदी त्याच्या ३८ मीटर खाली आहे. हा फरक म्हणजेच पॉन्टकसल्टेचा जलसेतू. पाणकुलुपांनी खाली उतरून पुन्हा वर चढता आलं असतं, पण त्यात पाणी आणि वेळ दोन्ही गेले असते. म्हणून टेलफर्ड आणि जेसप यांनी ३०७ मीटर लांबीचा, १८ दगडी खांबांचा, १९ गाळ्यांचा पूल घातला आणि त्यावर ओतीव लोखंडाची लांबच लांब कुंडी ठेवली. पाया १७९५ मध्ये, उद्घाटन २६ नोव्हेंबर १८०५ ला, खर्च सुमारे ४७,००० पौंड. दगडांचं वजन कमी करायला खांब वरच्या भागात पोकळ ठेवलेत. चुन्यात बैलाचं रक्त मिसळलं होतं. लोखंडी पत्र्यांचे सांधे उकळत्या साखरेत बुडवलेल्या वेल्श फ्लॅनलने आणि शिशाने बंद केले होते. सगळ्या बांधकामात एक माणूस दगावला, आणि त्या काळाच्या मानाने हे फारच कमी होतं. कुंडीच्या तळाला बूच आहे. दुरुस्तीसाठी दोन्हीकडून कालवा बंद करून ते काढलं की सगळं पाणी थेट खाली नदीत पडतं.

बाबांना आणखी एक बारकावा दाखवा, तो मलाही पहिल्या काही वर्षांत कळला नव्हता. चालायची वाट कुंडीच्या बाहेर नाही, कुंडीतल्याच पाण्यावर टेकवलेली आहे. वाटेच्या खालीही पाणीच. नाव पुढे सरकते तेव्हा तिने ढकललेलं पाणी वाटेखालून मागे जातं, नाहीतर एवढ्या अरुंद कुंडीत नाव बोळ्यासारखी अडकली असती.

आता मुख्य सावधगिरी. वाटेच्या बाजूला कठडा आहे, नावेच्या बाजूला काही नाही. लोखंडी कुंडीची कड पाण्याच्या जेमतेम वर आणि त्यापलीकडे सरळ दरी. नावेत बसल्यावर त्या बाजूने बघितलं तर आपण हवेत चाललोय असं वाटतं. सुरुवातीच्या काळात माझ्याबरोबरच्या एक आजी पुलाच्या मध्यावर जाऊन थिजल्या. मी आधी विचारलंच नव्हतं. हात धरून, नजर माझ्या पाठीवर ठेवायला सांगून, एक एक पाऊल टाकत परत आणलं. त्यांचा पुढचा सगळा दिवस खराब गेला आणि चूक माझी होती. तेव्हापासून मी आदल्या रात्रीच विचारतो: गच्चीच्या कठड्याशी उभं राहता येतं का? ज्यांना येत नाही त्यांना पुलावर नेत नाही. त्यांना खाली नेतो. नदीवर एक जुना, अरुंद दगडी पूल आहे, त्यावरून वर बघितलं की सगळे खांब एका ओळीत दिसतात आणि एखादी नाव आकाशातून जाताना दिसते. माझं मत विचाराल तर जलसेतू खालूनच खरा कळतो. वरून तो फक्त भीती दाखवतो. दोन्ही करा, पण खालचं चुकवू नका.

लँगॉलनपासून इथवर कालव्याने सात किलोमीटरच्या आसपास आहे. तुम्ही आणि बाबा चालत या, आईला गाडीने आणा. किंवा तिघेही गावातून त्या दोन तासांच्या मोठ्या नावेने या, ती जलसेतू ओलांडते. परतीला रेक्समला जाणारी बस जलसेतूच्या टोकाशी असलेल्या ट्रेव्हरवरून जाते, उलट दिशेने ती लँगॉलनला येते. ट्रेव्हरचा गाडीतळ शनिवार-रविवारी अकरा वाजेपर्यंत भरतो, म्हणून दहाच्या आत पोचा. हॉर्सशू फॉल्सपासून चर्कच्या पुढेपर्यंतचा हा १८ किलोमीटरचा पट्टा २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. वेळ आणि पाय दोन्ही उरले तर चर्कचा जलसेतूही बघा: १८०१ चा, दहा गाळ्यांचा. शेजारी त्याहून उंच रेल्वेपूल उभा आहे आणि खालची केरियॉग नदी म्हणजे वेल्स आणि इंग्लंडची सीमा. कालव्याने चालत देश बदलता येतो.

वाफेची रेल्वे मी मुद्दाम शेवटी ठेवली. लँगॉलनचं स्थानक पुलाला खेटून आहे, गाडी नदीच्या काठाने सोळा किलोमीटरवरच्या कॉर्वेनला जाते. १९६५ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले गेले आणि १९७५ पासून स्वयंसेवकांनी ते मैल-मैल करत पुन्हा टाकले. कॉर्वेनच्या नव्या स्थानकापर्यंत गाडी २०२३ मध्ये पोचली. वाटेत ग्लिंडव्हर्ड्वी लागतं, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ओवेन ग्लिंडूरने १६ सप्टेंबर १४०० ला स्वतःला प्रिन्स ऑफ वेल्स म्हणवून घेतलं ते त्याच्या जहागिरीचं गाव. कॉर्वेनच्या चौकात त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. आईला हा प्रवास आवडेल, पण गाडी रोज धावत नाही. तारीख ठरवण्याआधी वेळापत्रक बघा, नंतर नव्हे. दोन दिवसांत नाव, जलसेतू आणि रेल्वे हे तिन्ही कोंबू नका. आईला विचारून नाव किंवा रेल्वे, एकच घ्या.

हॉर्सशू पासचा घाट, ४१७ मीटर, गाडीतून बघून होतो. थांबायचंच असेल तर घाटाच्या पायथ्याशी व्हाले क्रूसिसच्या मठापाशी थांबा. १२०१ मध्ये सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूंसाठी बांधलेला, छप्पर गेलेला, पश्चिमेची भिंत आणि तिची गोल खिडकी अजून उभी असलेला. मागच्या तळ्यात भिक्षू मासे पाळायचे, तसं तळं वेल्समध्ये आता हे एकच उरलंय. जवळच्या उंचवट्यावर नवव्या शतकातल्या दगडी क्रूसाचा खांब आहे, मठाला नाव त्याच्यावरून मिळालं. त्याच्यावरचा लेख आता पुसलाय, पण १६९६ मध्ये एडवर्ड लुईड या विद्वानाने तो उतरवून ठेवला म्हणून त्यातली राजघराण्याची वंशावळ हाती राहिली.

खाण्याचं. आई पूर्ण शाकाहारी आहे म्हणून हे नीट वाचा. वेल्श केक दिसायला गोड जाड पोळीसारखे असतात, पण पारंपरिक पद्धतीत त्यात डुकराची चरबी घालतात. लोण्यात केलेलेच आहेत का विचारून घ्या. बारा ब्रिथ म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव, त्यात बहुधा अंडं असतं. वेल्श रॅरबिट म्हणजे चीज घातलेला टोस्ट, यादीत शाकाहारी वाटतो, पण त्यातल्या वूस्टर सॉसमध्ये मासळी असते. कॉल नावाच्या रश्श्यात बहुधा मेंढीचं मांस असतं. ग्लॅमॉर्गन सॉसेज हे नाव ऐकून आई दचकेल, पण ते खरोखर चीज आणि लीकच्या पातीचं असतं. मी माझ्या पाहुण्यांना सकाळी घरून दशम्या, चटणी आणि थर्मासमध्ये चहा घेऊन यायला सांगतो. हॉर्सशू फॉल्सच्या हिरवळीवर बसून खाल्लेल्या दशमीची बरोबरी गावातलं कुठलंच दुकान करत नाही.

बंधाऱ्याजवळ किंवा पुलाखालच्या खडकांवर पाय बुडवायला कुणी उतरू नका. पाणी उथळ वाटतं, खडक शेवाळलेले असतात आणि वर डोंगरात पाऊस झाला की नदी बघता बघता चढते.

बर्मिंगहॅमहून गाडीने दोन तासांच्या आत पोचता. शेवटचा टप्पा ए५ रस्त्याचा, तोही टेलफर्डनेच सुधारलेला, लंडनहून होलीहेडला जाणारा. वेल्समध्ये वस्तीतली वेगमर्यादा सप्टेंबर २०२३ पासून ताशी २० मैल झाली आहे, फलक दिसला नाही तरी तीच धरा. रस्त्यावर आराव लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हळू. रेल्वेने यायचं तर रुआबनला उतरून बस.

परतीच्या वाटेवर एक वळण घ्या असं मी आग्रहाने सांगेन. ए५ ऐवजी दक्षिणेला वेल्शपूलवरून जा, पॉविस किल्ला वाटेवर येईल. तिथल्या क्लाइव्ह संग्रहालयात भारतातून नेलेल्या तीनशेहून अधिक वस्तू आहेत: टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू, त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं तोंड. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. बागा सुंदर आहेत, सगळे तिकडेच जातात. तुम्ही आधी त्या खोलीत जा. मी तिथे पाहुण्यांशी फार बोलत नाही, बाहेर बाकावर थांबतो. किल्ल्यात पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून दाराशीच आईसाठी सोपी वाट विचारून घ्या.

राहायची जागा आजच बघा. आणि जूनचं जमलं नाही म्हणून जुलैवर ढकललंत तर आंतरराष्ट्रीय आयस्टेथवॉडच्या आठवड्याची तारीख तपासा. १९४७ पासून दर उन्हाळ्यात जगभरचे गाणारे-नाचणारे या गावात उतरतात. १९५५ मध्ये इटलीतल्या मोडेनाच्या गायकवृंदाबरोबर आलेला, पुढे जगप्रसिद्ध गायक झालेला एकोणीस वर्षांचा पावारोत्ती वडिलांच्या शेजारी उभा राहून इथेच गायला होता. त्या आठवड्यात रस्त्यारस्त्यांतून रंगीत पोशाखातली माणसं दिसतात, पण खोली मिळत नाही. मग ग्लिंडव्हर्ड्वी किंवा कॉर्वेनकडे शोधा.